कोणती विद्या, कोणता पोशाख?

गेल्या ज्येष्ठात केळापूरकडचे एक शेतकरी माझ्या टेबलासमोर येऊन बसले. वाटले, बियाण्याचे नाहीतर गुलाबी बोंडअळीचे विचारतील. पण टोपी गुडघ्यावर ठेवून ते म्हणाले, "साहेब, पोरीले कराटे शिकवाचं म्हनतो. पांढरकवड्याले सायकलीनं शाळेत जाते. तिची माय म्हन्ते, आता घरीच बसव. कोनता क्लास लावू, अन् तो पांढरा ड्रेस कसा घ्याचा?"

कपाशीवर सल्ला देणे हा माझा धंदा. या विषयात मात्र मी एकदा पैसे मोजून शहाणा झालो आहे, म्हणून बोललो.

माझी मुलगी लहान असताना आमच्या बदलीच्या गावी एका मास्तरांनी क्लास काढला होता. दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी आणि नवा रंगीत पट्टा. पोशाखही त्यांच्याकडूनच घ्यायचा. तो चकचकीत टेरिकॉटचा निघाला. एप्रिलमध्ये पोरीच्या पाठीवर घामोळे उठले. विजार टाचेखाली लोळायची. तीत पाय अडकून पडली आणि मनगट मुरगळले. तीन पट्टे झाले, पण कोणी हात धरला तर सोडवायचा कसा, हे तिला येत नव्हते. एके दिवशी मास्तर गाव सोडून गेले. कापसाच्या जिल्ह्यातला माणूस, त्यात कृषी पदवीधर, आणि पोरीला टेरिकॉट घातले, याची लाज मला पुष्कळ दिवस वाटली.

म्हणून त्यांना म्हटले, "भाऊ, विद्येचे नाव मागून विचारा. आधी मास्तर पाहा. दोन दिवस स्वतः जाऊन कोपऱ्यात बसा. पहिल्या महिन्यात तो पडायला शिकवतो की नुसत्या हवेत लाथा मारायला लावतो, ते बघा. मुली किती आहेत, तेही मोजा."

कराट्यात ठोसा, लाथ आणि अडवणे मुख्य. ज्यूदो जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये जपानात सुरू केला; त्यात धरणे आणि पाडणे, म्हणजे आपल्या कुस्तीची चुलतबहीणच. कुस्तीला आखाडा हवा, आणि आपली काळी माती त्याला चालत नाही. वाळली की भेगाळते, भिजली की चिकटते. भुसभुशीत तांबडी माती आणून तीत ताक, तेल, हळद घालावी लागते. लाठीला एवढा खटाटोप नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचे. त्याच्या चमूने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले होते. तेव्हा शाळेचा व्यायामशिक्षक लाठी शिकवीत असेल तर ती हलकी समजू नये.

पोशाखाचे बोलायचे तर कापड सुती. ज्यूदोचा अंगरखा जाड, तांदळाच्या दाण्यासारख्या विणीचा. समोरचा तो धरून ओढतो, पातळ असला तर टरकन फाटतो. कराट्याला हलका चालतो. कोरे सुती कापड आटते, म्हणून माप थोडे मोठे घ्यावे आणि शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवावे. विजार घोट्याच्या वर हवी. अंगरख्याची डावी बाजू उजवीवर यावी. मुलींनी आत साधा पांढरा बनियन घालावा. बांगड्या, कानातले घरी.

"दोन महिन्यांत येईल ना?" त्यांनी विचारले. मी खरे ते सांगितले: नाही. दोन महिन्यांत फक्त पडायची भीती जाते. रस्त्याची काळजी आईने एकदम सोडू नये. सोबत मैत्रीण असू द्यावी.

ते काही बोलले नाहीत, टोपी घालून निघाले. पोळ्याच्या सुमारास बोंडे पाहायला त्यांच्या शेतावर गेलो, तेव्हा घराच्या ताटीवर पांढरा सुती अंगरखा वाळत होता. पोरीची आई विजारीची पट्टी दोन बोटे आत दुमडून टाके घालीत होती. मला पाहून म्हणाली, "लांब झाली होती, भाऊ. पडली असती."