पहिली ऑगस्ट आणि डोंगरावरचे जाळ

मुलांनो, १ ऑगस्ट म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? शाळेतली भाषणं! लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती एकाच दिवशी. कुणीतरी शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतं, बाहेर पाऊस कोसळत असतो, आणि मागच्या बाकावरच्यांचं लक्ष मधल्या सुट्टीकडे!

त्याच दिवशी स्वित्झर्लंडमध्ये मात्र भर उन्हाळा असतो आणि बहुतेक शाळांना मोठी सुट्टी असते. हा त्यांचा राष्ट्रीय सण. हा देश केवढा? आपल्या महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा. भाषा मात्र चार : जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श. हिंदी सिनेमातल्या गाण्यांमुळे तिथले बर्फाचे डोंगर तुमच्या ओळखीचे आहेतच. पण त्या डोंगरांतली माणसं आपला सण कसा साजरा करतात, ते ठाऊक आहे का?

समजा, त्या दिवशी तुम्ही एखाद्या स्विस खेड्यात पाहुणे आहात. सकाळी उठल्या उठल्या घरातली मंडळी तुम्हांला घेऊन निघतील, ती थेट एखाद्या शेतकऱ्याच्या घरी. ओळखीचाच शेतकरी पाहिजे असं नाही बरं का! आधी नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि जायचं. गोठ्याशेजारी किंवा अंगणात लांबच लांब बाकं मांडलेली असतात. वेणीसारखा विणलेला पाव, घरचं लोणी, चीज, मुरंबा, ताजं दूध आणि 'रोश्टी' म्हणजे किसलेल्या बटाट्याचं खमंग थालीपीठच जणू! ही पद्धत १९९३ साली सुरू झाली. शहरातल्या मुलांना गाय जवळून बघायला मिळते, आणि आपलं दूध कुठून येतं तेही कळतं.

वाटेत बेकरीच्या काचेआड त्या दिवसाचे खास पाव दिसतील. वरून फुलीसारखी चीर दिलेली आणि मधोमध इवलासा कागदी झेंडा खोचलेला. झेंडा लाल, त्यावर पांढरा क्रूस, आणि आकाराने चक्क चौकोनी! काहीजणांच्या छातीवर छोटा बिल्ला दिसेल. हे बिल्ले १९२३ पासून निघतात, शाळकरी मुलंसुद्धा ते विकतात, आणि जमलेला पैसा देशाच्या कामासाठी वापरला जातो.

खरी मजा संध्याकाळची. तिथे उन्हाळ्यात नऊच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी चर्चच्या घंटा घणघणू लागतात. चौकात गावचं बँडपथक वाजत असतं. भाषणही असतं, पण ते करायला दर वेळी कुणी बडा पाहुणा लागतोच असं नाही. कुठे गावचाच कारभारी बोलतो, कुठे एखादी शिक्षिका. मग राष्ट्रगीत. चारही भाषांत त्याचे शब्द आहेत, ज्याने त्याने आपल्या भाषेत म्हणायचं. अंधार पडला की मुलं हातात कागदी कंदील घेऊन रांगेने निघतात. आपल्या आकाशकंदिलाचे धाकटे भाऊच ते, फक्त काठीला टांगलेले.

ही रांग पोहोचते ती होळीपाशी. आपण होळीच म्हणू या, कारण दिसायला ती तशीच असते! गावातल्या तरुणांनी आधीच लाकडं रचून ठेवलेली असतात. या ढिगात हेजहॉगसारखे काटेरी पाठीचे छोटे प्राणी आसऱ्याला शिरतात. म्हणून पेटवण्याआधी लाकडं हलवून पाहावीत, असं प्राणिमित्र दर वर्षी आठवणीने सांगतात. जाळ लागला की मुलं काठीला सॉसेज खोचून भाजतात. त्याची टोकं आडवीउभी चिरलेली असतात, ती शेकताना फुलासारखी उमलतात. मग कुणीतरी ओरडतं, "ते बघा!" समोरच्या डोंगरावर एक ठिणगी. त्याच्या पलीकडे दुसरी. बघता बघता अंधारात शिखराशिखरावर जाळ दिसू लागतात. पूर्वी शत्रू आला की असेच जाळ पेटवून खोऱ्याखोऱ्यांना इशारा देत. आता त्यांतून एक गाव दुसऱ्या गावाला जणू सांगतं, "आम्ही इथे आहोत!"

पण हे सगळं १ ऑगस्टलाच का? त्यासाठी खूप मागे जावं लागेल. १२९१ साली उरी, श्वीत्स आणि उंटरवाल्डेन या तीन डोंगरी खोऱ्यांनी एक करार केला. संकटात एकमेकांच्या मदतीला धावायचं, आपसांत भांडण झालं तर शहाण्या माणसांनी मध्ये पडून ते मिटवायचं. लॅटिन भाषेतला तो चर्मपत्रावरचा करार आजही श्वीत्स गावात जपून ठेवला आहे. त्यावर नेमकी तारीख नाही, फक्त 'ऑगस्टच्या सुरुवातीला' असं लिहिलंय. शेकडो वर्षं तो विस्मरणात गेला होता. १८९१ साली त्याला ६०० वर्षं झाली, तेव्हा मोठा उत्सव झाला, आणि १८९९ पासून दर वर्षी १ ऑगस्टला संध्याकाळी घंटा वाजू लागल्या.

या खोऱ्यांतल्या माणसांनी सरोवराकाठच्या रुटली नावाच्या कुरणावर शपथ घेतली, अशी कथा आहे. तिथे मोटारीने जाता येत नाही. बोटीने जायचं, नाहीतर डोंगर उतरून चालत! एकोणिसाव्या शतकात या कुरणावर हॉटेल बांधायचं घाटत होतं. मग ते वाचवलं कुणी? राजाने? सेनापतीने? छे! देशभरातल्या शाळकरी मुलांनी. १८५९ साली त्यांनी नाणं नाणं जमवलं, एका लोकोपयोगी संस्थेने त्या पैशांतून कुरण विकत घेतलं आणि ते देशाच्या स्वाधीन केलं. आजही तिथे हिरवं गवत आहे, आणि दर १ ऑगस्टला तिथे सोहळा होतो.

सणाची सुट्टीसुद्धा लोकांना मागूनच घ्यावी लागली. कुठे पूर्ण दिवस सुट्टी, कुठे अर्धा दिवस, तर कुठे नाहीच, असा प्रकार कितीतरी वर्षं चालला. शेवटी लोकांनी सह्या गोळा केल्या आणि सप्टेंबर १९९३ मध्ये साऱ्या देशाचं मतदान झालं. शंभरातल्या सुमारे ८४ जणांनी 'सुट्टी हवी' असं सांगितलं! १९९४ पासून सगळ्या देशाला सुट्टी मिळाली.

पण म्हणून सगळंच नेहमी छान होतं असं समजू नका. खांद्याला खांदा लावून राहण्याची शपथ घेणाऱ्या या देशात स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायला १९७१ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे तर १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत स्त्रियांनी मत दिलं होतं. म्हणून ५० वर्षांनी, १ ऑगस्ट २०२१ ला, शेकडो स्त्रिया मुद्दाम रुटलीवर जमल्या. 'ही शपथ आमचीही आहे' हेच त्यांना सांगायचं होतं.

आणि आता नवी काळजी आहे ती उन्हाची. २०१८ आणि २०२२ साली उन्हाळा इतका कोरडा गेला, की जंगलांना आग लागेल या भीतीने कितीतरी भागांत जाळ आणि फटाके दोन्हींवर बंदी आली. डोंगर त्या रात्री काळेच राहिले. शिवाय फटाक्यांच्या आवाजाने कुत्री, गाई आणि रानातले प्राणी बिथरतात. म्हणून मोठ्या आवाजाच्या फटाक्यांना आळा घालावा, यासाठी लोकांनी २०२३ साली लाखाच्या वर सह्या सरकारकडे दिल्या. दिवाळीत तुमच्या घरी होणारा वाद आठवला ना?

जाळ नाही, फटाके नाहीत, मग सणात उरतं काय? मुलांची कंदिलांची रांग उरते, शेतकऱ्याच्या अंगणातली पंगत उरते, चार भाषांतलं एक गाणं उरतं आणि कुरण तर आहेच! म्हणजे माणसांनी मिळून केलेलं सगळं शिल्लक राहतं.

आता दोन आठवड्यांनी आपला १५ ऑगस्ट येतो. प्रभातफेरी काढाल, झेंड्याला सलामी द्याल, खाऊ खाल. त्या दिवशी एक काम करा. तुमच्या गावात किंवा गल्लीत झेंड्याचा खांब कुणी उभारला, प्रभातफेरी कुणी सुरू केली, हे आजी-आजोबांना विचारा. कुणास ठाऊक, तुमच्याच शाळेतल्या जुन्या मुलांचं नाव निघेल!