भुलेश्वरावरून मोरोक्को

पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन मागे पडले की यवत येते. दोन्ही अंगांना ऊस, गुऱ्हाळांचा गोडसर धूर आणि दक्षिणेला भुलेश्वराचा डोंगर. वरचे देऊळ यादवकाळचे, काळ्या पाषाणाचे. बाहेरून ते देऊळ वाटतच नाही; अंधाऱ्या पायऱ्या चढून आत गेले म्हणजे कोरीव मूर्तींचे वैभव दिसते. त्यांत स्त्रीरूपातला गणेशही आहे. पुष्कळ मूर्ती भंगलेल्या आहेत. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने याच डोंगरावर दौलतमंगळ किल्ला बांधला. आता त्याचेही पडके अवशेष तेवढे उरले आहेत.

राज्यांची अशी थडगी पाहिली की इब्न खल्दून आठवतो. १३३२ साली ट्युनिसला जन्मलेल्या या पंडिताने मोरोक्कोच्या दरबारात चाकरी केली, आणि १३७७ साली इतिहासाचा एक हिशेबच मांडला. डोंगरावाळवंटातले काटक लोक एकजुटीने सत्ता घेतात. नातवंडांच्या काळात ती एकजूट सुखात विरघळते. चाळीस वर्षांची एक पिढी, अशा तीन पिढ्या म्हणजे एका राजघराण्याचे आयुष्य!

हा हिशेब त्याला सुचला तो बर्बर राजघराण्यांवरून. सहारा वाळवंटातून आलेल्या अल्मोराविदांनी १०७०च्या सुमारास मराकेश वसवले आणि पुढे स्पेनपर्यंत मजल मारली. ॲटलास पर्वतातल्या अल्मोहदांनी ११४७ साली त्यांच्याकडून मराकेश घेतले. १२६९ साली मरीनींनी ते अल्मोहदांकडून हिसकावले. ११४७ ते १२६९, म्हणजे १२२ वर्षे. आणि आपले यादव? भिल्लम ११८७च्या सुमारास स्वतंत्र झाला, आणि १३१७-१८ मध्ये देवगिरीचे राज्य बुडाले. तेही १३० वर्षांच्या आसपासच! मरीनी मात्र फेजमध्ये १४६५पर्यंत टिकले आणि हिशेबाला पुरून उरले.

याच मरीनींच्या मुलखातला, टँजिअरचा एक बर्बर प्रवासी, इब्न बतूता, १३४२च्या सुमारास दौलताबादला आला होता. देवगिरीचे ते नवे नाव. त्याने मराठे पाहिले, मराठी स्त्रियांच्या नाकाची आणि भुवयांची तारीफ केली, नंदुरबारच्या कारागिरांचे, वैद्यांचे आणि ज्योतिष्यांचे कौतुक केले. पुढे फेजला सुलतान अबू इनानच्या आज्ञेने त्याचा वृत्तांत लिहिला गेला, तो १३५५ साली पुरा झाला. यादवांचे राज्य गेले होते, पण मराठे होते, याची ही साक्ष.

पण ही साक्ष अरबीत आहे, बर्बर भाषेत नाही. येथे मराठीच्या मास्तराला थांबावेसे वाटते. अल्मोहदांचा धर्मगुरू इब्न तूमर्त आपल्या पहाडी अनुयायांना त्यांच्याच बोलीत उपदेश करी. तरी त्या राज्यांचे ग्रंथ आणि दफ्तरे मुख्यतः अरबीतच राहिली. ज्यांनी स्पेनवर राज्य केले, त्यांची भाषा घरात, शेतात आणि डोंगरात जगली. ‘बर्बर’ हेही परक्यांनी दिलेले नाव. ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात. मोरोक्कोच्या राज्यघटनेने त्यांच्या भाषेला राजभाषेचा दर्जा दिला, तो २०११ साली!

आपल्याकडे १२९० साली, रामदेवराव यादवाच्या राज्यात, नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. राजाने ती लिहवून घेतली नव्हती. पुढे तीस वर्षांच्या आत राज्य गेले, ओवी राहिली. तख्तावर टेकून उभी नव्हती, म्हणूनच ती तख्ताबरोबर कोसळली नाही.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला असते. गाव हजारो वारकऱ्यांना पिठलेभाकरी वाढते आणि अभंगांचा गजर चालू असतो. पलीकडे काळोखात भुलेश्वराचा डोंगर उभा असतो. त्यावरच्या दोन्ही सत्ता निमूट झाल्या आहेत. पायथ्याची भाषा अजून बोलते आहे.