करवल्यांच्या कानात काय?

धुळे

चि. सौ. कां. ताईस,


पाच करवल्या, पाच सारखे घागरे आणि पाच सारखे गळ्यातले सेट, असा तुझा बेत तुझ्या आईने फोनवर सांगितला. घागऱ्यांबद्दल तुझ्या मावशीला काही म्हणायचं नाही. गळ्याबद्दल मात्र आहे.

करवलीसाठी वेगळा दागिना विकत घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत नव्हे. लग्न तोंडावर आलं की घरातल्या बायका आपापल्या पेट्या उघडत. एकीच्या गळ्यात आजीची गहूपोत, दुसरीच्या मामीची एकदाणी, तिसरीच्या हातात काकूच्या पाटल्या. हळदीपासून पाठवणीपर्यंत मिरवायचं आणि मोजून परत करायचं. कुणाचं काय कुणाच्या अंगावर गेलंय, हे एखाद्या काकूला तोंडपाठ असे आणि ती जेवणाच्या पंगतीतही नजर ठेवून असे! पाच जणी पाच तऱ्हेच्या दिसत. सारखेपणाचा आग्रह आला तो फोटोवाल्यांबरोबर.

मग फोटोचाच विचार करू. करवली उभी राहते नवरीच्या मागे, हातात नारळ ठेवलेला करा घेऊन. करा छातीशी, ओढणी गळ्यावरून खांद्यावर. चार बोटं रुंद सेट त्या नारळामागे गडप होतो. दिसतात ते कान आणि मनगटं. त्यातून तुझं लग्न अखाजीनंतरचं, म्हणजे जळगावचा पारा 44-45 वर. तांब्या-पितळेवर मुलामा दिलेला चोकर अशा घामात मानेवर हिरवट-काळा पट्टा उमटवतो, आणि तो पुसताना ओढणीही डागाळते. ठुशी तर गळ्याला चिकटूनच बसते. उन्हाळ्यात ती नवरीने सोसावी, करवलीने कशाला?

आता पैशाचं. एप्रिल 2025 मध्ये तोळ्याचा भाव लाखाला भिडला. हिशेबापुरता 22 कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला एक लाख धर. तीन ग्रॅमचे झुबे म्हणजे 30,000. घडणावळ 12 टक्के, म्हणजे 3,600. वर 3 टक्के जीएसटीचे 1,008. एका करवलीचे 34,608 आणि पाचजणींचे 1,73,040. पुढे कुणी ते मोडायला गेली, तर घडणावळ आणि कर हे पैसे गेलेच. हलक्या, नाजूक नक्षीच्या दागिन्याला घडणावळ टक्क्याने जास्त लागते, म्हणून ‘छोटंसं काहीतरी सोन्याचं’ हा सल्ला ऐकायला स्वस्त आणि घ्यायला महाग.

दुसरी मेख वजनात आहे. 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोड असल्याशिवाय दागिना विकता येत नाही. पण दोन ग्रॅमच्या आतल्या नगाला ही सक्ती नाही. करवल्यांना द्यायच्या चमक्या, बारीक टॉप्स नेमके याच वजनात बसतात. कुंदन, पोलकी आणि जडावालाही सूट आहे. तेव्हा असं काही घेतलंस, तर बिलावर कॅरेट लिहून घे आणि खड्यांचं वजन वेगळं मांडायला लाव. नाहीतर काचेचे पैसे सोन्याच्या भावाने जातात. एचयूआयडी असलेला नग बीआयएस केअर या ॲपवर तिथेच तपासता येतो.

तू सुवर्णनगरीत राहतेस, तुला सराफ बाजार काय सांगायचा! राजमल लखीचंद यांची पेढी 1854 ची, बाफनांचं दुकान 1974 चं; बऱ्हाणपूर-खंडव्याची माणसं सोन्यासाठी जळगावला येतात ती शुद्धतेच्या नावावर. अशा गावात राहून इमिटेशनचे पाच सेट मागवायचे, हे मावशीच्या जिवाला लागतं. पण पावणेदोन लाखही उधळायला नकोत.

मधला रस्ता चांदीचा. 925 चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेले झुबे किंवा कुड्या घे. मुलामा पुढे उतरला तरी खाली चांदी राहते आणि मुलगी त्या कॉलेजातही घालील. पाचहीजणींना कानातलं एकसारखं. गळ्यात आपापल्या घरचं, नाहीतर काहीच नको. आजीच्या पेटीतली मोहनमाळ धाकटीला दे, पण आधी सराफाकडून कस बघून घे. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रणाच्या नियमांनी 14 कॅरेटपेक्षा शुद्ध नवे दागिने घडवायला बंदी आली, ती 1966 मध्ये सैल झाली. त्या मधल्या वर्षांत घडवलेला नग 22 कॅरेटचा समजून घरात उगाच वाद नकोत. घालायला तो तितकाच देखणा.

मनगटांचं काम कासारावर सोपव. तुझा हिरवा चुडा भरायला तो येईल, तेव्हा करवल्यांच्याही बांगड्या भरून होतील. त्यांच्या मागेपुढे एकेक मुलामा दिलेली पाटली पुरे. पाटली सैल नको. करा धरायला हात वर गेला की ती कोपराकडे घसरते. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी मापं असतात. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. हाताच्या जाडीवरून अंदाज करू नको, प्रत्येकीची रोजची बांगडी मागवून आतून पट्टीने मोज. आणि तुझ्या धाकट्या चुलतबहिणीचे कान अजून टोचलेले नाहीत, तिला दाबाचं कानातलं लागेल, ते आधीच सांगून ठेव.

मोहनमाळेची पावती इथे माझ्या कपाटात आहे. रविवारी काका जळगावला येतायत, त्यांच्याबरोबर पाठवते.

तुझी
मावशी