चिल्लर, नोटा आणि सोनं

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार्ल्स्टनमध्ये चवळी मिळेनाशी होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. साउथ कॅरोलिनातल्या या गावात आम्हाला येऊन जेमतेम काही महिने झाले होते. दुकानात राजमा होता, मसूर होती, वाटाणे होते. चवळीच्या जागी नुसती किमतीची चिठ्ठी. पलीकडे कोलार्ड नावाच्या जाड पानांच्या जुड्यांवर झुंबड उडालेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचं दादर मी पाहिलंय, पण झेंडूसाठी लोटणारी माणसं वेगळी आणि चवळीसाठी लोटणारी वेगळी. आमच्या सांगलीच्या घरात चवळी म्हणजे भाजीवाला आला नाही तर करायची उसळ.

शेजारच्या बाई सत्तरीच्या, गला-गीची समाजातल्या, म्हणजे या किनाऱ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांच्या वंशज. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारते. त्या मला सरसकट ‘बेबी’ म्हणतात. माझ्याकडे इंडियन स्टोअरमधून आणलेलं चवळीचं पाकीट आहे म्हटल्यावर त्या हसल्याच. “मग तू श्रीमंत आहेस, बेबी. रात्री भिजत घाल आणि एक तारखेला सकाळी पातेलं घेऊन ये.”

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी खाल्ली की वर्ष भरभराटीचं जातं, अशी इथली समजूत. पहिला गोंधळ तिच्या नियमांचा. चवळी म्हणजे नाणी, कोलार्ड म्हणजे नोटा, मक्याचा पिवळा ब्रेड म्हणजे सोनं. डुक्कर पुढे पुढे उकरत जातं, म्हणून त्याचं मांसही शुभ. इथवर समजलं. पण ऑफिसात एकीने सांगितलं की वर्षाच्या दिवसांइतके, म्हणजे 365 दाणे खायचे. दुसरी म्हणाली, छे, मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर पहिला घास चवळीचा हवा, मग कितीही खा. तिसऱ्याच्या घरी पातेल्यात नाणं टाकतात. ज्याच्या ताटात येईल त्याचं वर्ष. दात पडला तर काय, हे विचारायचं धाडस झालं नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “दुपारी जेव, पोटभर जेव.”

आईला फोन केला, तर तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. “अगं, जानेवारीतच ना? मग त्यांची भोगी असेल ती.” म्हटलं तर खरंच आहे. न खाई भोगी तो सदा रोगी! फरक एवढाच की आपण न खाणाऱ्याला रोगाची धमकी देतो, ही माणसं खाणाऱ्याला पैशाचं आमिष दाखवतात.

आता स्वयंपाक. मी डुक्कर खात नाही, म्हणून बाईंनी धुरावलेली टर्कीची तंगडी आणली होती. ती आधी तासभर नुसत्या पाण्यात उकळली. मग त्यात कांदा, लसूण, एक बे लीफ, थाइमच्या काड्या, लाल मिरचीचा चुरा आणि भिजलेली चवळी. बस. मी हळदीच्या डब्याकडे बघत होते, त्या माझ्याकडे. मोहरी नाही, गूळ नाही, आमसूल नाही. मंद आचेवर पाऊण तास, आणि डाव फारसा फिरवायचा नाही, कारण दाणा बोटाने दाबला तर मोडावा, पण पातेल्यात अख्खा दिसावा.

खरी मेख पुढे होती. त्यांनी चवळी गाळून बाजूला काढली आणि ते पाणी कपाने मोजलं. एक कप तांदळाला दोन कप पाणी. त्याच पाण्यात धुतलेले तांदूळ, वर चवळी, घट्ट झाकण, वीस मिनिटं. झाकण उघडून बघायचं नाही! मी त्यांना कटाच्या आमटीचं सांगितलं, की पुरणाच्या डाळीचं पाणी आम्हीही फेकत नाही. त्यांनी समाधानाने मान हलवली. झाकण निघालं तेव्हा भात तपकिरी झाला होता आणि शितं मोकळी होती. याचं नाव हॉपिंग जॉन.

कोलार्डने मात्र माझी झोपच उडवली. पानाची मधली शीर ओढून काढायची, पानं एकावर एक ठेवून गुंडाळी करायची, चिरायची, रेती जाईपर्यंत धूत राहायचं. इथपर्यंत ठीक. पुढे ही पालेभाजी तासाच्या वर शिजवायची! शेवटी व्हिनेगर. उरलेल्या हिरव्या रश्शाला पॉट लिकर म्हणतात. त्यात मक्याचा ब्रेड बुडवून खायचा. आपल्याकडच्या पालेभाजीला एवढा वेळ दिला तर लगदाच होईल. हा पाला तासाभरानेही दाताखाली लागत होता.

जेवताना मी दुकानातल्या माणसाने सांगितलेली गोष्ट काढली: अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेने जॉर्जियातलं सगळं धान्य लुटलं, चवळी मात्र गुरांचा चारा समजून सोडली, तिच्यावर लोक जगले, म्हणून ती शुभ. बाईंनी चमचा खाली ठेवला. “आणि त्याआधी आमची माणसं काय खात होती?”

प्रश्न बिनतोड आहे. सारा रटलेज यांच्या ‘द कॅरोलिना हाउसवाइफ’ या पुस्तकात हॉपिंग जॉनची कृती छापून आली ती 1847 मध्ये: एक पौंड बेकन, एक पाइंट लाल चवळी, एक पाइंट तांदूळ. शर्मनच्या आधी सतरा वर्षं. चवळी मूळची आफ्रिकेची. आपल्याकडे ती हजारो वर्षांपूर्वीच पोचली; इथे आली ती गुलामांच्या जहाजांबरोबर, आणि या किनाऱ्यावरची भातशेती पिकवली तीही त्याच माणसांनी. पुस्तक लिहिणाऱ्या बाई गोऱ्या, मोठ्या घरातल्या. हात कुणाचे होते, हे वेगळं सांगायला नको.

तारखेचंही तसंच. 1 जानेवारीला गुलामांना वर्षभरासाठी भाड्याने देण्याचे करार होत. घरातलं कोण कुठे जाणार ते त्या दिवशी कळे, म्हणून त्याला काळीज तुटण्याचा दिवस म्हणत. 31 डिसेंबर 1862 च्या रात्री मात्र लोक चर्चमधून जागत बसले, कारण दुसऱ्या दिवशी लिंकनची मुक्तीची घोषणा अमलात येणार होती. बाई अजूनही त्या रात्री चर्चमध्ये जागतात आणि सकाळी चवळी शिजवतात. नाणी-नोटांचं गणित मला त्यानंतर जरा किरकोळच वाटू लागलं, पण त्यांना ते तितकंच प्रिय आहे. कोलार्ड दुसऱ्यांदा वाढताना “अजून नोटा घे” म्हणाल्याच.

उरलेला भात त्यांनी मला डब्यात दिला. दोन तारखेला त्याचं नाव बदलतं, स्किपिंग जेनी. शिळं न टाकता खाणाऱ्याचं नशीब आणखी उजळतं म्हणे. मी तो मोहरी, कढीपत्ता, हिरव्या मिरचीवर परतला आणि वर ओलं खोबरं पेरलं. डबा न्यायला आलेल्या बाईंनी ओट्याशी उभ्याउभ्याच अर्धी वाटी संपवली. “छान आहे, बेबी,” म्हणाल्या. “पण हे दोन तारखेलाच कर. एक तारखेला अजिबात नाही.”