टांग्याच्या किनाऱ्यावरचे शिपाई

आर्वी, ५ नोव्हेंबर

कपाशीच्या वेचणीच्या या दिवसांत, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आमच्या गावी, पहिल्या महायुद्धात, १९१४ साली याच तारखेला जर्मन पूर्व आफ्रिकेतील टांगा बंदरातून पराभूत होऊन माघारी फिरलेल्या हिंदी फौजेचा वृत्तांत वाचला आणि मन विषण्ण झाले. १६ ऑक्टोबरला मुंबईहून निघालेल्या या सुमारे आठ हजार लोकांना, जहाजांच्या कोंदट तळघरांत वांत्यांनी गलितगात्र झाले असतानाही, मोंबासा येथे चार दिवस विसावा घेऊ न देता फौजेचे सेनापती जनरल एटकेन यांनी थेट शत्रूच्या किनाऱ्यावर उतरविले. आणि तेही ‘फॉक्स’ या ब्रिटिश युद्धनौकेने गावाला आगाऊ इशारा दिल्यानंतर, म्हणजे जर्मन सेनापती लेटो-फोरबेक यांना रेल्वेने कुमक आणण्यास पुरेशी सवड मिळाल्यानंतर!

खारफुटीच्या चिखलातून व दाट झाडीतून, समोरचे काहीच दिसत नसता, अंगावर मशीनगनच्या गोळ्या आणि चवताळलेल्या मधमाश्या एकदमच येत असता पुढे सरकणाऱ्या शिपायाची अवस्था काय झाली असेल! शत्रू हजाराच्या आसपास. इकडचे हताहत मात्र आठशेंवर, आणि सुमारे सहा लाख काडतुसे किनाऱ्यावरच राहिली.

पुढे बोल लागला तो हिंदी शिपायांच्या धैर्याला. वस्तुतः त्याच फौजेतील काश्मीर रायफल्सचे जवान लढत लढत गावात शिरले होते. ज्यांना नकाशा दाखविला नाही, तालीम दिली नाही, त्यांच्यावर अपयशाचे खापर फोडणे हा अन्याय होय; तो इतिहासाच्या दप्तरातून पुसून टाकणे आपले कर्तव्य आहे.