कापसाचा भाव

अमेरिकेंतील यादवी युद्ध कशामुळें झालें, असें वर्गांत विचारलें असतां विद्यार्थी ‘गुलामगिरीमुळें’ असें तत्काळ उत्तर देतात, व तें बरोबरच आहे. परंतु ही कोठल्या तरी दूर देशची गोष्ट, ती तेथें घडली व तेथेंच संपली, असा त्यांचा समज असतो. मी सेमाडोहचा रहिवासी. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या कांठीं, सागाच्या रानांत वसलेल्या या गांवांतून तें युद्ध मला इतकें दूरचें वाटत नाहीं.

१८६० सालीं अमेरिकेंत सुमारें ४० लक्ष मनुष्यें गुलाम होतीं. त्यांतील पुष्कळांच्या श्रमानें दक्षिणेकडील संस्थानांत कापूस पिके, आणि इंग्लंडांतील गिरण्यांस लागणाऱ्या कापसाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग तेथून येई. गुलामगिरी नव्या मुलखांत पसरूं द्यावी कीं नाहीं, हा वाद विकोपास गेला; लिंकन अध्यक्ष निवडून येतांच दक्षिणेकडील संस्थानें फुटून निघूं लागलीं, आणि १८६१ च्या एप्रिलांत युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं व कापूस अडला. तेव्हां मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे आणि त्यांतही वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. कापसाचा भाव कित्येक पटींनीं चढला. मुंबईंत त्या पैशावर शेअरांचा असा जुगार माजला कीं, १८६५ सालीं युद्ध संपतांच मोठमोठ्या पेढ्या बसल्या. वऱ्हाडांतील जुने वाडे पाहतांना मला वाटतें, यांतील एखाददुसऱ्या तुळईचा पैसा तरी त्या रणांगणावरून आला असेल.

त्याच वेळीं मँचेस्टरकडील गिरणी-कामगार कापसावांचून उपाशी होते. कसेंही करून गुलामांचा कापूस येऊं द्या, असें त्यांनीं म्हणावयास हवें होतें, कित्येकांनीं म्हटलेंही. पण ३१ डिसेंबर १८६२ रोजीं मँचेस्टरांत भरलेल्या सभेनें लिंकनला पत्र लिहून गुलामगिरीविरुद्ध त्याला पाठिंबा दिला, आणि पुढील महिन्यांत लिंकननें त्यांस कृतज्ञतेनें उत्तर पाठविलें. मला ही गोष्ट साऱ्या लढायांहून मोठी वाटते. मुलांना ती सांगितली म्हणजे वर्ग शांत होतो.

लिंकनचा १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा बंडखोर संस्थानांपुरताच होता. आरंभीं त्याचा हेतु राष्ट्र अखंड राखण्याचा होता. गुलामही कोणी येऊन सोडवील म्हणून बसून राहिले नव्हते. हॅरिएट टबमन ही स्त्री स्वतः पळून सुटली व पुनःपुन्हां परत जाऊन इतरांस सोडवून घेऊन आली. सुमारें १ लक्ष ८० हजार काळे शिपाई उत्तरेच्या सैन्यांत लढले. सहा लक्षांहून अधिक माणसें मेलीं, तेव्हां १८६५ च्या डिसेंबरांत गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. आम्हां ख्रिस्ती लोकांस येथें एक गोष्ट लपवितां येत नाहीं. गुलामगिरीचें समर्थन करणारे उपदेशकही तेंच पवित्र शास्त्र वाचीत होते; या प्रश्नावरून तेथील मेथॉडिस्ट मंडळी १८४४ सालीं व बॅप्टिस्ट मंडळी १८४५ सालीं दुभंगली.

आपल्याकडे हें युद्ध नीट वाचलें तें जोतीराव फुल्यांनीं. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या या पुरुषानें १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक लिहून तें गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें. पेशवाईंत कुणबिणींची खरेदीविक्री उघड चाले. पुढें कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्यानें, न्यायालयांनीं गुलामावरील मालकी मानावयाची नाहीं, असें ठरलें. पण बाजार बंद झाला म्हणून बंधन सुटत नाहीं, हें जोतीरावांनीं ओळखलें. मला तें एका विद्यार्थ्यानें दाखविलें.

होळी हा आमच्याकडील कोरकू लोकांचा मोठा सण. कांहीं वर्षांपूर्वीं होळीनंतर माझ्या नववीच्या वर्गांतील एक कोरकू मुलगा शाळेंत आलाच नाहीं. चौकशी करतां कळलें कीं, त्याच्या वडिलांनीं खालीं मैदानांतील एका वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतली होती व सारें कुटुंब विटा थापावयास गेलें होतें. वैशाखांत मी तेथें गेलों. मुलगा गणितांत हुशार. त्यानें वहीच्या शेवटच्या पानावर सारा हिशोब मांडून ठेवला होता. उचल इतकी, हजार विटांस मजुरी इतकी. धान्याचे वजा, आजारपणाचे वजा, फुटक्या विटांचे वजा. दोन महिने चौघे राबल्यावर कर्ज वाढलेलें होतें. बेरीज मीं पुन्हां करून पाहिली, चुकली नव्हती. वडील म्हणाले, “गुरुजी, फिटल्याशिवाय कसं निघू? शब्द दिला आहे.” तें ऐकून मुलगा मला विचारतो, “लिंकननं गुलाम सोडवले, तेव्हा त्यांना पोटापाण्याला काय दिलं?”

जवळजवळ कांहींच नाहीं, असें मला सांगावें लागलें. कांहीं मुक्त कुटुंबांस ४० एकरांपर्यंत जमीन वाटली होती, तीही बहुतेक लौकरच जुन्या मालकांस परत गेली. मग तीं माणसें त्याच शेतांत बटईनें राबूं लागलीं आणि बियाणें व धान्य यांच्या उधारीनें पुन्हां बांधलीं गेलीं. मुलानें मान हलविली. त्याला नवल वाटलें नाहीं.

आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें वेठबिगारीस बंदी आहे, आणि १९७६ च्या कायद्यानें अशा बंधनाचें कर्जच रद्द ठरतें. हें मीं वडिलांस तीन वेळां समजाविलें. कायदा त्यांस लौकर कळला. पण असा शब्द मोडण्यांत पाप नाहीं, हें पटविणें फार कठीण गेलें. शेवटीं जिल्हाधिकाऱ्यांच्या नांवें अर्ज लिहिला व हिशोबाचें तें पान त्यास जोडलें. खेपा पुष्कळ घालाव्या लागल्या. पाऊस लागण्याच्या सुमारास कुटुंब सेमाडोहास परतलें. जूनअखेर शाळा उघडली तेव्हां तो मुलगा आपल्याहून लहान मुलांत, त्याच नववीच्या वर्गांत पुन्हां येऊन बसला.