साखळीचा घसारा

आमच्या वडीगोद्रीच्या काळ्या मातीचा स्वभाव परगावच्या माणसाला सांगून कळत नाही. बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला एकदा बिलगली की सुटता सुटत नाही. माझ्या लहानपणी वडील उधारीच्या वसुलीसाठी आसपासच्या खेड्यांत सायकलीवरून जात. पावसाळ्यात मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये चिखल असा घट्ट बसे की परतताना सायकलच त्यांच्या खांद्यावर असे. घरी आल्यावर ते बाभळीच्या काडीने चिखल उकरीत, तांब्याने बेताचे पाणी सोडीत आणि साखळीला तेलाचे मोजके थेंब देत. “जास्तीचे तेल धूळ गोळा करते,” असे ते म्हणत. मला तो त्यांचा काटकसरीपणा वाटे.

गेल्या पावसाळ्यात त्या वाक्याचा अर्थ मला उमगला, परंतु किंमत माझ्या नातवाने मोजली.

तो अकरावीत आहे. दहावीच्या निकालानंतर त्याला गियरची माउंटन बाईक घेऊन दिली होती. पैठणच्या डाव्या कालव्याच्या कडेने रपेट करून तो एके दिवशी परतला, तेव्हा सायकलीचा रंगही ओळखू येत नव्हता. तो शिकवणीला गेल्यावर मी कौतुकाने ती सायकल मोटारी धुण्याच्या केंद्रावर नेली. “पाणी चांगले जोराने मारा,” असे मीच सांगितले. सायकल लखलखीत झाली. त्यावर कळस म्हणून घरातले इंजिन ऑईल साखळीवर सढळ हाताने ओतले. नातवाला वाटले, नोकराने धुतली असेल. मीही काही बोललो नाही.

तीन आठवड्यांनी तो सोलापूर–धुळे महामार्ग ओलांडत असताना पॅडलवर उभा राहून जोर देताच साखळी दातांवरून सटकली. पाय निसटला आणि तो रस्त्यावर पडला. मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाने वेळीच ब्रेक लावला, म्हणून गुडघा खरचटण्यावर निभावले. संध्याकाळी माझ्या मुलाने त्यालाच फैलावर घेतले, “एवढी महागाची वस्तू, तुला साधी सांभाळता येत नाही?” मी शेजारीच बसलो होतो, तरीही गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सायकल घेऊन छत्रपती संभाजीनगरला गेलो. तेथील कारागिराने मागचे चाक हातात धरून फिरवले. आतून करकर आवाज आला. “जोराच्या पाण्याने धुतली होती का?” त्याने विचारले. नातू माझ्याकडे पाहू लागला. तेव्हा मात्र मी सर्व सांगितले आणि त्याची क्षमा मागितली. तो एवढेच म्हणाला, “दादाजी, काल बाबांसमोर सांगितले असते तर!” त्या रात्री मी मुलालाही सांगितले.

कारागिराने समजावले ते असे. जोराचे पाणी सांध्यांवरील रबरी आवरणे ओलांडून बेअरिंगमध्ये शिरते. तेथील ग्रीस धुऊन जाते आणि बारीक माती आत राहते. साखळीचे खरे वंगण बाहेर दिसत नाही, ते प्रत्येक कडीच्या आतील खिळ्याभोवती असते. बाहेर साचलेल्या तेलात माती मिसळली की तिचा लेप होतो आणि तो पॉलिश कागदासारखा लोखंड खातो. तोच लेप दातांच्या खाचांत भरला होता, म्हणून साखळी नीट न बसता सटकली.

आयुष्यभर बँकेत मी कर्जदारांच्या यंत्रसामग्रीवरील घसारा टक्क्यांत तपासला. डोळ्यांनी पाहिला तो त्या दिवशी. साखळीच्या दोन लगतच्या खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच असते. म्हणजे नव्या साखळीत असे २४ भाग बरोबर १२ इंच भरतात. खिळे झिजले की हीच लांबी वाढते. १२ इंचांच्या वर एक सोळांश इंच वाढ दिसली की साखळी बदलावी. एक अष्टमांश इंचापर्यंत थांबल्यास झिजलेली साखळी मागची दातेरी चक्रेही झिजवते आणि लहान खर्चाचा मोठा होतो. आमच्या बाबतीत तेच झाले.

आता दर रविवारी आम्ही दोघे मिळून सायकल स्वच्छ करतो. आधी लाकडी काडीने चिखलाचे गोळे काढायचे. मग अर्ध्या बादलीतून तांब्याने वरून हलके पाणी सोडायचे. चाकाच्या मध्यावर धार मारायची नाही. साखळीसाठी ब्रश वेगळा आणि साबण सौम्य. ती रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची नाही, कारण आतले वंगणही निघून जाते. जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून साखळी पूर्ण वाळू द्यायची. नंतर सायकलच्या साखळीचेच तेल घेऊन पॅडल उलटे फिरवीत प्रत्येक कडीवर एक थेंब, आणि थोड्या वेळाने बाहेरचे तेल पुसून काढायचे. ब्रेकच्या तबकडीला तेलाचा हातही लावायचा नाही.

काडी मी बाभळीचीच आणतो. नातू थेंब सोडू लागला की मी सवयीने मोजू लागतो.

“दादाजी, मोठ्याने मोजू नका, माझा हात चुकतो,” तो म्हणतो.

मग मी मनातल्या मनात मोजतो.